नाटककाराचा बाप

मला अजून राग येतो. गाडी चालवताना मध्येच ती मीटिंग आठवते आणि स्टिअरिंगवरचे हात घट्ट होतात. हा राग मंडळावरचा आहे, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. तो आहेच. पण तेवढाच नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहत होतो. मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एखादी विनोदी एकांकिका व्हायची. त्या वर्षी मी हट्टाने वेगळं नाटक लिहिलं, एलिझाबेथ राणीच्या काळातल्या एका नाटककार-कवीच्या आयुष्यावर. कॉलेजात इंग्रजी शिकताना या माणसाने मला झपाटलं होतं. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, स्कॉलरशिपवर विद्यापीठात गेला. राजे-बादशहांच्या तोंडी त्याने अशी भाषा घातली की लंडनची नाटकघरं दणाणली. सरकारसाठी हेरगिरी करतो, देव मानत नाही, असे त्याच्यावर संशय. तिशीच्या आतच एका भांडणात सुरा लागून मेला. मी पोटासाठी इंग्रजी सोडून कॉम्प्युटरकडे वळलो होतो. त्याची टोचणी होतीच, म्हणूनही लिहिलं असेल.

पहिल्या प्रवेशात बाप दुकानात जोडा शिवतोय आणि मुलगा विद्यापीठातून सुट्टीवर आलाय. बाप त्याच्या पायाचं माप घ्यायला खाली बसतो. मुलगा पाय मागे घेतो. बस, एवढंच. पण पुढचं सगळं नाटक त्या मागे घेतलेल्या पायावर उभं होतं.

बापाची भूमिका माझ्या मित्राने मागून घेतली. तो नागपूरचा, शिकागोला डेटाबेसचं काम करायचा. रोज ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसायचो. पहिल्याच तालमीत त्याने मांडीत जोडा धरला, आरी आत घातली, दोरा दोन्ही हातांनी खेचला आणि आमच्या घराच्या बेसमेंटमधली बडबड थांबली.

“यार, कुठे शिकलास हे?” कोणीतरी विचारलं.

“टीव्हीवर,” तो म्हणाला.

ट्रेनमध्ये मात्र मला त्याने खरं सांगितलं. त्याचे वडील नागपुरात जोडे शिवायचे. “तुझ्यापाशीच ठेव,” तो म्हणाला. मी हो म्हटलं.

गणपतीच्या आधी कमिटीची मीटिंग सेक्रेटरीच्या घरी झाली. सेक्रेटरी आमच्याच वयाचा. आम्ही सगळे त्याच्या भल्यामोठ्या चामडी सोफ्यावर बसलो होतो.

“नाटक मस्त आहे रे,” सेक्रेटरी मला म्हणाला. “फक्त तो पहिला सीन. स्टेजवर बाप्पा असणार. आपण चपला बाहेर कॉरिडॉरमध्ये काढून आत येतो, आणि बाप्पासमोर हा चामडं घेऊन बसणार?”

अध्यक्षकाकांनी तोडगा काढला. “बापाला शिंपी करा. कापड शिवेल. शिवणं ते शिवणं.”

“काका,” माझा मित्र हसत म्हणाला, “आरतीला ढोलकी वाजवता, तिच्यावर काय केळीचं पान ताणलेलं असतं?”

सगळे हसले, काकाही. “तू वात्रट आहेस. अरे, ते वाद्य आहे.”

“मग हा जोडाही वाजवून दाखवतो की!”

“नको बाबा, तू खरंच वाजवशील!”

हशा ओसरल्यावर मित्राने हळूच विचारलं, “कॅनव्हासचा जोडा केला तर? चामडं नाहीच. मग चालेल?” काका विचारात पडले. “कॅनव्हास... बघू या. तसं काही हरकत नसावी.”

इतकं जवळ आलं होतं. मी फक्त गप्प बसायला हवं होतं.

तेवढ्यात सेक्रेटरी बोलला, “पण मुळात मोचीच कशाला? नास्तिक घेतला, खून घेतला, आम्ही काही म्हटलं का? फॅमिली प्रोग्रॅम आहे रे. उगाच ते विषय नकोत.”

मी ताडकन उठलो. “ते विषय म्हणजे कोणते? देव न मानणारा तुमच्या गणपतीत चालतो आणि जोडे शिवणारा चालत नाही? याचे वडील तेच काम करायचे! सांग याच्या तोंडावर, त्यांनाही शिंपी करा म्हणून!”

क्षणभर मला फार बरं वाटलं, हेही सांगायला हवं. मग मी मित्राकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

काका उठून त्याच्याजवळ आले. “अहो, तुम्ही आधी सांगायचं नाही का?” पाच मिनिटांपूर्वीचा ‘वात्रट’ आता ‘अहो’ झाला होता. “आम्ही तसले लोक नाही हो.” सेक्रेटरी घाईघाईने म्हणाला, “खरं चामडंच आणा. अगदी बिनधास्त.” कोणीतरी मित्राच्या ताटलीत न विचारता आणखी एक करंजी वाढली.

बाहेर ड्राइव्हवेवर मी म्हणालो, “जिंकलो ना!”

“तू जिंकलास,” तो म्हणाला. “बापाचं काम आता तूच कर.”

“का?”

“आता मी तिथे बसलो तर त्या इंग्रज म्हाताऱ्याला कोण बघेल? सगळे माझे हात बघतील. मला अ‍ॅक्टिंग करायची होती रे.”

“मी तुझ्यासाठीच बोललो.”

“मला विचारलंस? तुला कोणावर तरी ओरडायचं होतं, ओरड ना. माझ्या बाबांना कशाला मध्ये घेतलंस?”

नाटक रद्द करतो म्हणालो, तर तो आणखी चिडला. “आता तेही माझ्या नावावर घालू नकोस.”

म्हणून मी बाप झालो. शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह भरलेलं होतं. पडदा उघडण्याआधी सेक्रेटरीने माइकवर सांगितलं की आपल्या मंडळात कोणताही भेदभाव नाही आणि आजचं नाटक त्याचा पुरावा आहे. मी विंगेत खरं चामडं घेऊन उभा होतो; तो माइक हिसकावून घ्यावासा वाटला. पण एकदा ओरडून मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. मित्र आला नव्हता.

प्रवेश सुरू झाला. मी माप घ्यायला खाली बसलो. मुलाने पाय मागे घेतला. तिथे सभागृह शांत व्हायला हवं होतं. तिथेच टाळ्या पडल्या, कडकडून. पहिल्या रांगेत काका उभे राहून वाजवत होते. पुढचं वाक्य बापाचं होतं. टाळ्या थांबेपर्यंत मला ते म्हणता येईना, आणि थांबल्या तेव्हा ते म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. तरी म्हटलं.