साळवेबाई आणि समुद्रातली गाय

साळवेबाई बोलता बोलता मध्येच थांबायच्या. शिक्षकांच्या खोलीत परीक्षेच्या कामावरून वाद रंगलेला असायचा, बाईंचं म्हणणं अर्ध्यावर आलेलं असायचं आणि त्या एकदम गप्प व्हायच्या. नव्या माणसाला वाटे, बाईंना राग आला. आम्ही जुने लोक मात्र खिडकीकडे बघायचो. बाहेरच्या झाडावर एखादा तांबट नाहीतर हळद्या येऊन बसलेला असे. तो उडून गेला की बाई राहिलेलं वाक्य पुरं करत, तेही त्याच सुरात.

सुनंदा साळवे नाशिकला आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत, मी गणित. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि त्यांचं बालपण मनमाडच्या क्वार्टरमध्ये गेलं. "शंटिंग सतत चालायचं," त्या सांगत. "घरातल्या घरात बोलायचं तरी ओरडून. शांतता म्हणजे काय ते मला माणसांनी नाही शिकवलं, पाखरांनी शिकवलं." माणसांबद्दल त्यांचं मत एकंदरीत बरं नव्हतं. कुणाच्या अडचणीला पहिल्या धावत त्याच. पण नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला माणसं न्यायची म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "एक जण बघतो, दुसरा फोटो काढतो, तिसरा डबा उघडतो," त्या म्हणत, "आणि चौथा विचारतो, हे खातात का."

निवृत्तीनंतर आम्ही दोघी नाशिकच्याच एका गटाबरोबर अंदमानला गेलो. बेटांमधून बोटीनं फिरायचं, मुक्काम बोटीवरच, आणि दिवसभर पक्षी अन् समुद्रातले प्राणी बघायचे, अशी ती सफर होती. बाईंना त्यात एकच प्राणी बघायचा होता, समुद्रगाय. तळाशी उगवणारं गवत खाणारी, पिलाला दूध पाजणारी, श्वासापुरतं नाक वर काढणारी. आयुष्यभर ती त्यांनी फळ्यावर काढून शिकवली होती. पाहिली नव्हती.

गटात आहेर नावाचं जोडपं होतं. आहेरभाऊ सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी निर्मलाताई मूळच्या सटाण्याकडच्या. घशाच्या आजाराचे उपचार घेऊन त्या नुकत्याच उठल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधून त्या डेकवरच्या खुर्चीत बसून असायच्या आणि कुणी काही विचारलं तर हसून मान हलवायच्या. बाईंची त्यांच्याशी ओळख नमस्कारापुरतीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉल्फिन दिसले. आठ-दहांचा कळप होता, त्यातले काही पाण्याबाहेर उसळून स्वतःभोवती गिरकी घेत होते. सगळा गट एका बाजूला धावला. आरडाओरडा झाला, शिट्ट्या झाल्या. कुणीतरी बोट आणखी जवळ घ्यायला लावली. कळपात एक पिलू होतं, ते आईच्या कुशीला चिकटून पोहत होतं. इंजिनाचा आवाज वाढला तसा सगळा कळप खाली गेला आणि पुन्हा वर आला नाही. वर नुसते सुरय पक्षी घिरट्या घालत राहिले. गट खूश होता. बाई आत जाऊन पडल्या, त्या जेवायलाच उठल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट एका उथळ खाडीत नांगरली होती. सगळे किनाऱ्याच्या बाजूला उभे राहून एका वठलेल्या झाडावरचा समुद्री गरुड बघत होते. आम्ही दोघी पलीकडच्या कठड्याशी होतो. दोर गुंडाळत बसलेला नावाडी हळूच म्हणाला, "मॅडम, नीचे देखिए. धीरे से." पाण्यात राखाडी रंगाची मोठी पाठ वर आली. दोन नाकपुड्या उघडल्या, एक जड श्वास ऐकू आला. तिच्या पाठीला लागून तसंच एक लहान तोंड वर आलं. मी मागे वळून इतरांना हाक मारणार, तेवढ्यात बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि मानेनं नको म्हणून सांगितलं. मायलेकरं आणखी एकदा वर आली, मग नुसतं हिरवं पाणी उरलं. बाईंचे डोळे भरून आले होते. नावाड्याकडे बघून त्यांनी हात जोडले. तो पुन्हा दोर गुंडाळू लागला.

जेवताना गटाचे प्रमुख हळहळले. यंदा समुद्रगाय काही दिसली नाही, म्हणाले. तेव्हा आहेरभाऊ म्हणाले, "आमच्या मंडळींना तेवढीच बघायची होती. माहेरी बारा महिने गुरं सांभाळलेली. म्हणे, समुद्रातली गाय कशी चरती ते बघू. एवढ्यासाठी डॉक्टरांच्या मागं लागून आलो. पुन्हा काय येणं होतंय." निर्मलाताई खाली बघून ताटातला भात कालवत होत्या. बाईंनी पान तसंच ठेवलं.

सकाळी त्या स्वतःहून निर्मलाताईंच्या खुर्चीजवळ जाऊन बसल्या. मी शेजारीच होते. "काल ती आली होती," बाई म्हणाल्या. "पिलू घेऊन. मी बघितली आणि कुणालाच सांगितलं नाही. सगळे ओरडतील म्हणून."

निर्मलाताईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग घशातून हवा सुटावी तशा आवाजात म्हणाल्या, "मला हाक का नाय मारली बाई? मी काय वरडले असते का? माझा तर आवाजच नाय राहिला."

बाई उठल्या आणि नावाड्याला शोधायला गेल्या. 

त्या दिवशी गट दुसऱ्या बेटावरच्या किनाऱ्यावर पोहायला गेला. बाई गेल्या नाहीत. त्याच नावाड्याला विनवून, छोट्या होडीतून त्या निर्मलाताईंना पुन्हा त्या खाडीत घेऊन गेल्या. आहेरभाऊ आणि मीही होतो. ऊन चढेपर्यंत आम्ही बसलो. बाईंनी निर्मलाताईंच्या डोक्यावर छत्री धरली होती. एक समुद्रबगळा खडकावर मासे टिपत होता, खाली गवत हलताना दिसत होतं, त्यात चरून गेल्याच्या मोकळ्या वाटा होत्या. समुद्रगाय आली नाही. परतताना निर्मलाताई म्हणाल्या, "चरायची जागा तर बघितली." त्यांनी ते बाईंच्या समाधानासाठी म्हटलं, की खरोखरच त्यांना तेवढं पुरलं, मला सांगता येणार नाही.

नाशिकला आल्यावर बाई आहेरांच्या घरी जाऊ लागल्या. निर्मलाताईंची तब्येत बरी असेल त्या दिवशी आहेरभाऊ गाडी काढत आणि ते तिघे नांदूरमध्यमेश्वरला किंवा गंगापूर धरणाच्या पाण्याकडे जात. मी अधूनमधून असे. निर्मलाताई पक्ष्यांची नावं विचारत नसत. "ह्याचं घर कुठंय? पिल्लं किती घालतं?" एवढंच विचारत. बाई सांगत. माहीत नसेल तर तसंही सांगत.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही नांदूरमध्यमेश्वरच्या अलीकडे हरभऱ्याच्या शेताजवळ थांबलो. वावरात क्रौंच उतरले होते, उंच, राखाडी, पन्नासेक तरी असतील. गाडीपासून इतक्या जवळ मी ते कधी पाहिले नव्हते. निर्मलाताई मागच्या सीटवर बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. अलीकडे त्यांना औषधानं फार झोप यायची. आहेरभाऊ कुजबुजले, "झोपू द्या. उठवायला गेलो तर उडतील."

बाईंनी क्षणभर त्या पक्ष्यांकडे पाहिलं. मग निर्मलाताईंचा गाल थोपटला आणि नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "निर्मला, ऊठ. बघ कोण आलंय." पलीकडून उतरून त्यांनी निर्मलाताईंच्या बाजूचं दार उघडलं. दाराचा आवाज झाला. पहिला पक्षी मान उंच करून धावला, मग सगळं वावरच उठलं. ते क्रेंकारत आमच्या डोक्यावरून गेले, इतके खालून की पंखांचा वारा ऐकू आला. निर्मलाताई दाराला धरून उभ्या होत्या, तोंड वर, डोळे उघडे. शेवटचा पक्षी नदीपलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्या तशाच राहिल्या.

"उडाले की हो," आहेरभाऊ म्हणाले.

"उडू देत," बाई म्हणाल्या. "ती जागी होती."

निर्मलाताई उन्हाळ्यात गेल्या. बाई आता बंगळुरूला मुलाकडे असतात. परवा फोनवर सांगत होत्या, तिथल्या तळ्यावर रविवारी माणसं घेऊन जाते. मी विचारलं, किती माणसं? म्हणाल्या, "येतील तेवढी."