आईची वंदना आणि त्यांचा सिनेमा

काल टीव्हीवर एक परदेशी सिनेमा लागला होता. चर्चमध्ये म्हातारी मेणबत्ती लावते, तिचे डोळे भरून येतात, मागे व्हायोलिन. मी चिडून टीव्ही बंद केला, पण मन बाभुळगावजवळच्या आमच्या गावच्या बुद्धविहारात जाऊन बसलं.

कापसानं माणसं मोडली त्या वर्षांत एक परदेशी दिग्दर्शक तिथं 'श्रद्धा' टिपायला आला होता. मी कॉलेजात शिकत होते, म्हणून दुभाषी झाले. आई पांढरी साडी नेसून वंदनेला बसली आणि साहेबांच्या फर्माइशी सुरू झाल्या. डोळे मिटा, हात वर करा, आता रडा.

"रडू काहून?" आई कडाडली. "वंदनेले बसलो आमी, मयतीले नाही."

मी ते सांगितलं. साहेब हसले आणि पुन्हा तेच म्हणाले. आईनं लक्षच दिलं नाही. बायकांसोबत वंदना पूर्ण केली. उदबत्तीच्या धुरानं चुरचुरणारे डोळे तेवढे पदरानं पुसले.

पुढं सिनेमा आला. त्यात नेमके तेच डोळे होते आणि खाली ओळ होती: देवानं हिचं ऐकलं नाही.

मी अर्थ सांगितला तशी आई वैतागून म्हणाली, "मी कोनाले काही मांगलंच नाही, तं आयकलं नाही कोनं?"