घाटातलं वळण

दारव्ह्याचा तो जीपवाला प्रत्येक प्रवाशाला सांगायचा, "दरवाजा हळू लावा भाऊ, तिले लागते." कापसाचा भाव पडला त्या हिवाळ्यात घाटात मोटारींच्या शर्यतीची रॅली झाली, तेव्हा त्यानंही जीप उतरवली आणि मला शेजारी बसवलं. आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. डांबर संपून मुरूम लागला, आणि शर्यतीसाठी रस्ता बंद असूनही वळणावर कापसाची बैलगाडी समोर आली. त्यानं जीप सरळ दरडीवर घातली. काचा माझ्या मांडीवर सांडल्या. मी थिजून बसलो. तो मात्र कपाळावरचं रक्त पुसत उतरला आणि म्हाताऱ्या गाडीवानाजवळ गेला.

"बैल भेले तं नाही ना, बाबा?"