वाकळेचा घास

बाळाप्पा कांबळे पैशाच्या बाबतीत चिक्कू होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याच्यासाठी जीव हळहळला तर सांगणाऱ्याने काही लपवलं असं कुणी म्हणायला नको.

हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात तो पंपांचे शाफ्ट कातायचा. हात असा सफाईदार की त्याने उतरवलेला शाफ्ट मालक पुन्हा मोजायचा नाही. पण बाळाप्पाने स्वतःच्या पैशाने कुणाला चहा पाजल्याचं त्या रस्त्यावर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सायकलची ट्यूब तेराव्यांदा पंक्चर झाली तरी तो तेरावं ठिगळ लावायचा. लोक हसायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्याला एकच गोष्ट हवी होती. स्वतःचा लेथ. शेड भाड्याची चालेल, पण लेथ स्वतःचा. बारा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एकोणऐंशी साली मस्कतच्या एका कंपनीला टर्नर हवे होते. बाळाप्पाने मुंबईला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाला. घरात बायको दुर्गव्वा, तीन वर्षांची कमल आणि म्हातारी आई नागुबाई. दुर्गव्वा दोन दिवस बोलली नाही. नागुबाई मात्र दुसऱ्याच दिवशी सुईदोरा घेऊन वाकळ शिवायला बसली.

आपली दोन जुनी लुगडी, मेलेल्या नवऱ्याचं धोतर, कमलची आखूड झालेली झबली असं सगळं तिने एकावर एक अंथरलं आणि आठ दिवस टाके घातले. आमच्याकडे वाकळ शिवून झाली की मधोमध एक चौकोनी ठिगळ लावतात आणि ते शिवून बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. त्याला घास म्हणतात. घास न दिलेली वाकळ उपाशी राहते आणि पांघरणाऱ्यालाही उपाशी ठेवते. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर नागुबाईने घरातले देव फडक्यात बांधून तळ्यात सोडले होते आणि मागे वळून पाहिलं नव्हतं. पण घास तिने सोडला नाही. "ते देवाचं हुतं, हे पोटाचं हाय," म्हणायची.

निघायच्या दिवशी बाळाप्पाचं लक्ष आईच्या कानांकडे गेलं. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात असताना केलेल्या तोळाभराच्या बुगड्या तिच्या कानांत नव्हत्या. नवरा गेला तेव्हाही तिने त्या काढल्या नव्हत्या.

"अव्वा, बुगड्या कुठं हाईत?"

"कान दुखत्यात रे. काढून ठेवल्या."

"ठेवून काय करतीस? दे की मला. लेथला तेवढाच हातभार."

"बघू की नंतर," म्हणत नागुबाईने वाकळेची घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

मस्कतला एका खोलीत आठजण. लोखंडी खाटांवर खाटा. खालच्या खाटेवर निपाणीचा गणपत, वरच्या खाटेवर बाळाप्पा आणि त्याची वाकळ. बाकीच्यांनी पहिल्याच पगारात गुबगुबीत ब्लँकेटं आणली, दुसऱ्या पगारात टेपरेकॉर्डर. बाळाप्पाने काहीच आणलं नाही. सकाळी खुबूस म्हणजे तिथली रोटी आणि कांदा, दुपारी कंपनीचं जेवण, संध्याकाळी सकाळचंच उरलेलं खुबूस. एक डाळ तीन दिवस पुरवायचा. घरच्या पत्रातली कोरी जागा कापून तिच्यावर हिशेब लिहायचा. महिन्याला सत्तर रियालमधले साठ हुबळीच्या बँकेत जायचे. दोन वर्षं संपली तेव्हा कंपनीने विचारलं, घरी जाऊन यायचं तिकीट हवं की तिकिटाचे पैसे? बाळाप्पाने पैसे घेतले आणि आणखी दोन वर्षांचा करार केला.

घरची पत्रं शेजारची जनाबाई लिहायची. ती अंगणवाडीत शिकवायची आणि तिचं अक्षर मोठं होतं. सप्रेम जयभीमने सुरुवात व्हायची, मग दुर्गव्वाचा मजकूर, आणि शेवटी नागुबाईच्या तोंडचं एक वाक्य हटकून असायचं. 'भूक लागली तर घास खा. लाजू नको.'

बाळाप्पाला हसू यायचं. आपण पोट मारून पैसे साठवतो हे अव्वाला तिथे बसून कसं कळलं? तो लिहायचा, 'अव्वा, मी दोन वेळ पोटभर जेवतो.' खालच्या खाटेवरून गणपत ओरडायचा, "खोटं लिव्हू नको रं. त्या म्हातारीला समदं कळतंय."

एकदा शुक्रवारच्या सुटीत अंगावरची वाकळ सारखी करताना मधल्या ठिगळात त्याच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. वाळलेली भाकरी, दुसरं काय असणार. त्याने ते ठिगळ थोडा वेळ नुसतंच कुरवाळलं आणि झोपून गेला.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये जे पत्र आलं त्यात दुर्गव्वाचा मजकूर चारच ओळींचा होता. सासूबाईंच्या पोटात गाठ आहे, देशपांडे नगरच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात फार दिवस नाहीत. खाली नागुबाईचं. 'माझी काळजी करू नको. लेथचे पैसे मोडू नको. घास खा. लवकर खा.'

करार संपायला आठ महिने होते. मधेच गेलं तर तिकीट स्वतःचं. सगळे पैसे हुबळीच्या बँकेत. ते मागवायचे म्हणजे लेथला हात घालायचा, आणि लेथला आता थोडेच कमी होते. ज्या लेथसाठी तीन वर्षं पोरीचं तोंड पाहिलं नाही तो आता हाताशी आला होता, आणि आई स्वतःच लिहीत होती की पैसे मोडू नको. कुणाला वाटेल, काय दगडाच्या काळजाचा माणूस. दगडाचं नव्हतं हो. तो तीन दिवस जेवला नाही आणि त्याला त्या तीन दिवसांची बचतही सुचली नाही. चौथ्या दिवशी त्याने आईचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. पत्रात लिहिलं, 'अव्वा, मी रोज घास खातो. तू फक्त आठ महिने थांब.'

नागुबाई सहा आठवडे थांबली. जनाबाईने ते पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा ती दाराकडे बघत राहिली. त्यानंतर रिक्षा वाजली की विचारायची, "आला काय?" दुर्गव्वा म्हणायची, "येणार हाईत." मग तार गेली. बाळाप्पाने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि कामावर गेला. त्या दिवशी त्याच्या हातून दोन शाफ्ट बिघडले.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो परतला. बरोबरचे लोक पेट्या, टेप, घड्याळं घेऊन उतरले. हा वाकळ घेऊन. चार वर्षांचा घाम आणि मशीनचं तेल तिच्यात मुरलेलं. दुर्गव्वाने मागच्या दारी भिजवून ती धोंड्यावर आपटली तेव्हा टक् असा आवाज आला. भाकरी चार वर्षांनी पाण्यात टक् करत नाही. दुर्गव्वाने पिनेने मधलं ठिगळ उसवलं. आत काळी पडलेली भाकरी होती आणि तिच्याशेजारी कापसात घट्ट गुंडाळलेल्या दोन बुगड्या.

आवाज ऐकून जनाबाई आली. बुगड्या बघून तिने कपाळाला हात लावला. "मला वाटलं जेवणाचंच सांगत्यात. एकदा मी इचारलं पण, आज्जी, रोज रोज हेच कशाला लिवायचं? तर म्हटल्या, लिव्ह, त्याला कळतंय."

बाळाप्पाला कळलं नव्हतं. मस्कतच्या सोनारबाजारात त्या बुगड्यांचं घरी यायचं तिकीट सहज आलं असतं. आता आईचं एकेक वाक्य त्याला उलगडत गेलं. लेथचे पैसे मोडू नको म्हणजे येऊ नको असं नव्हतं. तुझा लेथ राहू दे, हे माझं सोनं मोड आणि ये, असं होतं. लवकर ये, असं होतं. आणि त्याने उत्तर दिलं होतं, मी रोज घास खातो.

"सरळ सांगायचं की गं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कुणास ठाऊक.

दुर्गव्वा लुगड्याला हात पुसत शांतपणे म्हणाली, "सरळ सांगिटलं असतं तर तुमी त्या इकून पैसे बँकेत टाकले असते. लेकाला वळखत हुत्या त्या."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तो मागच्या दारी चिखलात बसून लहान पोरासारखा रडला. सहा महिन्यांपूर्वीचं रडणं त्याने साठवून ठेवलं होतं, तेही त्याच दिवशी बाहेर पडलं.

लेथ त्याने त्याच वर्षी घेतला. पुढे हुबळीबाहेर तारिहाळला स्वतःची शेड झाली, एका लेथचे पाच झाले. शेडच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा त्याने दुर्गव्वाच्या बांगड्या गहाण टाकल्या, पण बुगड्यांना हात लावला नाही. चिक्कूपणा तसा गेला नाही, जायचाही नव्हता. फक्त कामगारांपैकी कुणाच्या घरी दुखणं असलं की हा माणूस गाडीभाडं खिशात कोंबून त्याला बसस्टँडवर सोडून यायचा, आणि पगारातून ते कापायला विसरायचा. बाळाप्पा पैसे विसरला, हे तारिहाळमध्ये कुणालाच खरं वाटत नसे.

कमल नर्स झाली. दोन हजार तीन साली तिला आयर्लंडच्या इस्पितळात नोकरी लागली. तिथे चार-पाच वर्षं काढायची, पैसे साठवायचे आणि हुबळीत घर घ्यायचं असा तिचा बेत होता. बेत ऐकताना बाळाप्पाने मान हलवली. पोरगी कुणावर गेली हे विचारायची गरज नव्हती.

दुर्गव्वाने विमानात चालेल अशी लहान वाकळ शिवली. शेवटचं ठिगळ राहिलं तेव्हा तिने भाकरीचा तुकडा घेतला. बाळाप्पा कपाटातून बुगड्या घेऊन आला.

"थांब. कमल, हिकडं ये. बस हितं."

"अप्पा, आता कार्ड असतंय. तिकीट फोनवरनं काढता येतंय."

"असू दे. हे बघ. ह्या तुझ्या आज्जीच्या बुगड्या. ह्या घासात घालतोय. दिसल्या?"

"दिसल्या."

"हे तिकिटाचे पैसे हाईत. घराचे न्हाईत. आता मला सांग, घासात काय हाय?"

कमलला हसू येत होतं, पण बापाचा चेहरा बघून ती थांबली. "तिकिटाचे पैसे."

"कशाचं तिकीट?"

"घरी यायचं."

"आणि आम्ही पत्रात लिवलं, येऊ नको, आम्ही बरे हाईत, तर?"

बाळाप्पा तिच्याकडे बघत बसला. दुर्गव्वाच्या हातात सुई तशीच होती.

"तरी येते, अप्पा," कमल म्हणाली.

"हां," बाळाप्पा म्हणाला आणि दुर्गव्वाकडे वळला. "शिव आता."