मागावरचा वीतभर तुकडा

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून राहिले.

दर रविवारी मी नागपूरची एक नवी वस्ती पायी फिरते, तुम्हाला माहीतच आहे. धरमपेठेत वाढले, पण गोळीबार चौकाच्या पलीकडे आज पहिल्यांदा गेले. विणकरांच्या गल्लीत एका घरात हातमाग दिसला. काका-काकूंनी आत बोलावलं, चहा दिला. माग बंद होता, पण त्यावर वीतभर हिरवं लुगडं तसंच होतं.

मी एकदम एक्साइटेड! "काका, हा तुकडा मला द्याल? फ्रेम करून खोलीत लावीन."

काका हसले. "ऐकलं काय वं? पोरगी याले फ्रेम करते म्हणते!"

काकू हसल्या नाहीत. काकांनी कात्रीनं धागे कापले अन् तुकडा ओढून काढला.

"अजी, काहून कापलं?" काकू ओरडल्याच.

मग काकूंनी सांगितलं तेव्हा मला कळलं. नव्या लुगड्याचे धागे मागात ओवलेल्या या जुन्या धाग्यांच्या टोकांना एकेक करून जोडतात; ती ओढून काढली की अख्खा माग पहिल्यापासून ओवावा लागतो. म्हणून काम नसलं तरी विणकर ती टोकं मागावर ठेवतो. यांनी तीन वर्षं ठेवली होती.

"आता कोण सूत आणून देऊन राहिलं?" काका म्हणाले. "पोरीले तरी कामी येईल."

काकू रिकाम्या मागाकडे बघत बसल्या. मी थँक्यू म्हणून निघाले. थँक्यू!

तुकडा समोर टेबलवर आहे. परत नेऊन दिला तर काकूंना बरं वाटेल, की अजून वाईट? खरंच सांगा.