मागचं दार

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी मला तुमच्या अभ्यासातला नवा सिद्धान्त समजावून सांगितला. समाज तंत्रज्ञानाच्या टप्प्यांनी पुढे जातो: आधी नांगर, मग यंत्र, मग संगणक. मग विचारलंत, ‘आजी, आपलं बेला गाव कोणत्या टप्प्यावर आहे?’ शाळेत शिकवताना मीही फळ्यावर हाच जिना काढायची. नवी पायरी लिहिण्याआधी जुनी पुसायची, अशी माझी पद्धत.

त्याच सवयीने, तुमच्या बाबांनी मोटरवर सरकणारं, परदेशातूनही फोनवर उघडता येणारं गेट बसवलं तेव्हा मी मागचं दार विटांनी बुजवून टाकलं. एका घराला दोन वाटा कशाला?

आश्विन पौर्णिमेला आपला बौद्धांचा पावसाळी वर्षावास संपतो. तीन महिने मी रोज दुपारी विहारात बायांना ग्रंथ वाचून दाखवला होता. शेवटचं प्रकरण त्या दिवशी व्हायचं होतं. पांढरी साडी नेसून, ग्रंथ काखेत घेऊन मी गेटपाशी आले. सकाळच्या वाऱ्याने वीज गेली होती, मोबाइलचा टॉवरही बंद. बटण दाबलं, दोन्ही हातांनी ढकललं. गेट हाताने मोकळं करायची छोटी किल्ली तुमच्या बाबांच्या बॅगेतून परदेशी गेली, हे मला नंतर कळलं.

तासभर मी गजांना धरून उभी. विहार चार घरांवर. शेवटी शेजारीण बघायला आली. ती कापूस वेचायला जाते. साक्षरता वर्गात मीच तिला अक्षरं शिकवली.

“बाई, काऊन येऊन नाई राह्यल्या? समद्या बसल्या हायेत.”

मी गेटकडे बोट दाखवलं.

“तुमचा लेक तिकडून उघडते म्हनता ना? मंग घरातल्या मानसाले काऊन उघडत नाई?”

मी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. ती म्हणाली, “शिडी आनतो.” मग माझे गुडघे आठवून तिनेच तो बेत सोडला. बाया घरी गेल्या असत्या तर वाचन अर्धवट राहिलं असतं. मी गजांतून ग्रंथ बाहेर दिला.

“तू वाच.”

“मी? हासतीन ना बाई.”

“हसू दे.”

ती गेली. लाउडस्पीकर बंद, त्यामुळे तिचा आवाज गल्लीतून कसाबसा पोचत होता. जोडाक्षराशी थांबायची, पुन्हा मागून सुरू करायची. मी आतून ते अक्षर पुटपुटायची. तिला ऐकू जात नव्हतं. मध्ये एक बैलगाडी गेली आणि पाऊण पान मला कळलंच नाही. शेवटची वंदना मी अंगणात एकटीने म्हटली. खीर गजांतून वाटीने आली.

वीज संध्याकाळी आली. बटण दाबलं, गेट सरकलं. तेव्हा मला कुठेच जायचं नव्हतं.

उद्या गवंडी येतोय, मागच्या दाराच्या विटा काढायला. बाबांना तुम्हीच सांगा. आणि बेल्याचा टप्पा तुमच्या वहीत अजून लिहू नका.