कडीवरचा टॉवेल

माझा ओला टॉवेल दोन बोटांत धरून घरमालक आत आला. मेलेला उंदीर धरावा तसा.

"काका, हे बाहेर दाराला काय लटकवता? बिल्डिंग आहे ही. चाळ नाही."

बेल नाही, हाक नाही. चावी लावली आणि आला. मागे एजंट. एजंटच्या मागे एक नवरा-बायको, घर बघायला आलेले, चपला तशाच पायात. मी पलंगाशी उकिडवा बसलेलो. हातात कोमट पाण्यात पिळलेलं फडकं. पुढे माझी बायको. तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. बाथरूमपर्यंत नेता येत नव्हतं, म्हणून मी तिला पलंगावरच पुसून काढायचो. अंगावर काही नव्हतं तिच्या.

चालत्या हाताने तिने चादर ओढली. पुरली नाही.

आलेली बाई लगेच मागे वळली. तिचा नवरा वर पंख्याकडे बघत राहिला. मालकाने नजर वळवली नाही. वळवायची गरजच पडली नाही त्याला. त्याला तिथे बाई दिसलीच नव्हती. त्याला खिडकी दाखवायची होती.

"इथून हवा मस्त येते. काका, जरा बाजूला व्हा ना. त्यांना बघू दे."

मी बाजूला झालो.

हे लिहायला मला फार दिवस लागले. शाळा माझी सातवीपर्यंत. पुढे रे रोडला लाकडाच्या वखारीत जन्म गेला. पण आमच्या लालबागच्या चाळीतले लोक आता नव्या टॉवरमध्ये मालक झालेत. कोणी मुलाकडे जातो, कोणी गावाला जातो, घर भाड्याने देतो. जन्मभर भाडेकरू होते, आता पहिल्यांदा मालक. एकमेकांना सल्ले देतात. म्हटलं, आपणही दोन शब्द सांगावे. पण आधी टॉवेलचं सांगायला हवं, त्याशिवाय कळायचं नाही.

चाळीत आमची दारं दिवसभर उघडी. कोण विचारून येतो? वाटीभर साखर न्यायला, सुकटीचा वास आला म्हणून विचारायला, उगाच टेकायला. खोली एकच, मोरी कोपऱ्यात. मग घरात कोणी अंघोळ करत असलं की दार ओढून घ्यायचं आणि बाहेर कडीवर टॉवेल टाकायचा. कडी आतून लावायची गरज नाही. टॉवेल दिसला की अख्ख्या मजल्याला कळायचं, आत्ता नाही. पोरंसुद्धा पळत पळत यायची, टॉवेल बघून जागच्या जागी थांबायची. पोस्टमन बाहेर बसून राहायचा. दारू पिऊन आलेला माणूससुद्धा टॉवेलला मान द्यायचा. चाळ खाली झाली तोपर्यंत एकदाही कोणी टॉवेल ओलांडून आत आल्याचं मला माहीत नाही.

बिल्डरने चाळ पाडायला घेतली आणि आम्ही वडाळ्याला भाड्याने गेलो. वन रूम किचन. मालक तिशीतला. चांगला शिकलेला, बोलायला गोड. हे त्याचं तिसरं घर. पहिल्या दिवशी एका किल्लीवर लाल टेप लावून त्याने स्वतःच्या जुडग्यात अडकवली. म्हणाला, "सेफ्टीसाठी, काका." मला वाटलं, असेल. आमच्याकडे तरी कुठे कोणी कुलूप लावायचं? आमचंच चुकलं तिथे. उघड्या दाराची सवय आम्हाला. दुसऱ्याच्या हातात आपल्या दाराची चावी म्हणजे काय, हे उघड्या दारात राहणाऱ्याला कळत नाही.

पुढे बायको आजारी पडली. कराराचे अकरा महिने संपत आले. मालकाला नवा भाडेकरू हवा होता, जास्त भाड्याचा. त्याने घर दाखवायला सुरुवात केली. कधी सकाळी, कधी आम्ही जेवताना. मी टॉवेल टाकायचो बाहेर. हात आपोआप जायचा. त्याला ते वाळत घातलेलं कापड वाटायचं. त्या दिवसापर्यंत निदान तो तसाच राहू द्यायचा. त्या दिवशी उचलून आत घेऊन आला.

ते लोक गेल्यावर मी परत फडकं पिळलं. पाणी गार झालं होतं. बायको भिंतीकडे तोंड करून होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडली, रडली, पण माझ्याकडे पाठ करून कधी निजली नव्हती.

म्हणाली, "माका खयच्या तरी सरकारी हॉस्पिटलात नेऊन टाका. थय निदान पडदो तरी असता."

मी उठलो. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून लोखंडी कडी आणली, चांगली जाड. वखारीत लाकडात आयुष्य गेलं, दाराला कडी बसवणं म्हणजे काय मोठं काम. स्क्रू पिळायला बसलो. बायकोने मान वळवली. आवाजाने. बघत राहिली.

दोन दिवसांनी परत आले ते, मालक आणि नवी माणसं. मी पुसतच होतो तिला. बाहेर चावी फिरली. दार हललं, उघडलं नाही. परत चावी. परत हललं.

"काका! दार उघडा. आत कडी कोणी लावली?"

"मी लावली."

"पार्टी आलीये घर बघायला."

"बायकोची अंघोळ चाललीये. संध्याकाळी फोन करून या."

"काका, घर माझं आहे."

"घर तुझंच आहे, बाबा. बाई माझी आहे. कडी उघडणार नाही."

तो बाहेर कोणाला तरी हिंदीत म्हणाला, "ये चालवाले लोग ऐसेच होते हैं." मग मला म्हणाला, "दाराला भोकं पाडलीत ना? डिपॉझिटमधून कापीन. आणि रिन्यू विसरा."

"काप," म्हटलं.

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. मी वळलो. बायको हसत होती. एकाच बाजूने हसता यायचं तिला.

म्हणाली, "बरा केलात. आता माका नीट पुसा. मघापासून पाठ तशीच रवली हा."

आम्हाला घर सोडावं लागलं. तिला खुर्चीत बसवून खाली आणली. पुढच्या घरी ती फार टिकली नाही. कडी लावली म्हणून काही कोणी जिंकलं नाही. घर गेलं, बायकोही गेली. पण गेली तेव्हा माझ्याकडे तोंड करून होती. मला तेवढं पुरे.

चाळीच्या जागी टॉवर झाला, घर मिळालं, चावी मिळाली. टाइल्स, दोन खिडक्या, वेगळं बाथरूम. तिने हे बघितलं नाही. मी तिथे राहायला गेलो आणि करमेना. मुलगी माटुंग्याला असते, ती म्हणाली, "बाबा, इकडे या, ते भाड्याने द्या." म्हणून मीही मालक झालो.

बाळा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. चाळीतला, माझ्या शेजारच्या खोलीतला. आठ माणसं एका खोलीत वाढलेला. तो मला शिकवायला बसला. एक चावी आपल्याकडे ठेव. अधूनमधून न सांगता जा, म्हणजे धाक राहतो. मासळी खाणारे नको, भिंतींना वास लागतो. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या घरात काल काय शिजलं होतं रे?" तर म्हणतो, "ता येगळा. मी मालक आसय."

घर बघायला एक मुलगी आली. हॉस्पिटलात नर्स. सोबत म्हातारी आई, काठी टेकत. आईला एकटी टाकून ड्यूटीला जावं लागतं म्हणाली. एजंटच सगळं बोलत होता. मुलीने नळ बघितला नाही, खिडकी बघितली नाही. निघताना दाराशी थांबली. हळू आवाजात विचारलं,

"काका, दुसरी चावी कोणाकडे असते?"

बाळा म्हणाला, "मालकाकडे. सगळीकडे तसंच असतं."

ती "बरं" म्हणाली. ते "बरं" माझ्या ओळखीचं होतं. मीही असाच बाजूला झालो होतो.

मी खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि तिच्या आईच्या हातात दिल्या. आधीच आतून कडी बसवली होती, ती लावून दाखवली. म्हातारीने स्वतः एकदा लावून बघितली. परत उघडली. परत लावली.

ती लोकं गेल्यावर बाळा उखडला. "दोन्ही दिलंस? येडो की खुळो तू? उद्या कुलूप बदलल्यान तर?"

"बदलू दे."

"काय मालक रे तू!"

तर नवीन मालकांनो, ऐका. करार रजिस्टर करा. पोलिसांत कळवा. नळ गळत असेल तर माणूस यायच्या आधी नीट करून द्या, नंतर त्याच्या नावावर ढकलू नका. मीटरचा फोटो काढून ठेवा. भिंतीला खिळा मारला म्हणून डिपॉझिट कापू नका, माणूस राहतो तिथे कॅलेंडर लागतंच. आजारी माणूस आहे म्हणून नाही म्हणू नका, आजारी माणसाला तर घर आधी लागतं. भाडं घ्या, वेळेवर घ्या, सोडू नका. ते तुमचं आहे. पण भाड्याबरोबर माणूस विकत मिळत नाही. घर दाखवायचं असेल तर आधी विचारा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी जा. एका दिवसात तुमचं घर कुठे पळून जात नाही.

हे सगळं बाळाला सांगून झालं. तो हसतो. त्याच्या जुडग्यात आता सोसायटीतल्या तीन भाड्याच्या घरांच्या चाव्या आहेत, लाल टेप लावलेल्या. लावू दे. मी आता समजावून थकलो.

बेसिनच्या खाली पाणी ठिबकतं असा त्या मुलीचा फोन आला. मी विचारलं, कधी येऊ. म्हणाली, रविवारी सकाळी. रविवारी पाना घेऊन जाईन. बेल वाजवीन आणि बाजूला उभा राहीन. दारावर टॉवेल दिसला तर बेलही वाजवणार नाही. बाहेर पॅसेजमध्ये खाली बसेन, माझ्याच घराच्या बाहेर, आणि ती म्हातारी कडी काढेपर्यंत उठणार नाही.